फिलूच्या खाणावळीतलं मीठ

कुणी गेलं की आमच्याकडे चर्चची घंटा थांबून थांबून वाजते. एक टोल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. लग्न होऊन या वाडीत आले तेव्हापासून ऐकतेय. ती तशी वाजायला लागली की हातातलं काम थांबतं आणि मनात एकेक घर येऊन जातं... कुणाकडे म्हातारं माणूस आहे, कुणाकडे कोण अंथरुणावर आहे. त्या सकाळी मी विहिरीपाशी बसून विड्याच्या पानांच्या कवळ्या लावत होते. पहिला टोल पडला आणि मनात दुसरं कुठलंच घर आलं नाही. पानं ओल्या फडक्यावर तशीच टाकली, हात पदराला पुसले आणि चालायला लागले. वाटेत फिलूची नणंद मार्सेलीन समोरून येताना दिसली. मला सांगायलाच निघाली होती. मला बघून ती जागच्या जागी उभी राहिली. ‘कळलं गो,’ मी म्हणाले. मग आम्ही दोघी भर रस्त्यात, कोण बघतंय कोण नाही याची पर्वा न करता, रडलो.

याला आता महिना होऊन गेला. भेटेल तो म्हणतो, सुटली बिचारी. खरं आहे, शेवटी फार भोगलं तिने. पण ती सुटली. मी कुठे सुटले? राजोडीच्या समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुरूची झाडं सुरू होतात त्याच्या जरा अलीकडे, फिलूची खाणावळ. नाव नाही, पाटी नाही. वसईला उतरून ‘फिलूकडे’ म्हटलं की टांगेवाला बरोबर आणून सोडायचा. आमची वाडी तिच्या मागच्या कुंपणाला लागून. कुंपणाला एक फट होती, आणि पंधरा-वीस वर्षं आम्ही दोघी त्या फटीतून इकडे-तिकडे करत होतो. माझा नवरा दरवर्षी म्हणायचा, आता ही फट बुजवतो. मी म्हणायचे, बुजवा, मग जेवायला कुठून बोलावणार मला?

खाणावळ काही ठरवून निघाली नव्हती. सत्तर सालानंतर मुंबईची माणसं रविवारी समुद्रावर यायला लागली. पोहायची, उन्हात भाजायची आणि दुपारी कासावीस होऊन पाणी मागायला तिच्या दारात यायची. फिलू पाणी द्यायची आणि वर सुनवायची, ‘घरून डबा आणायला काय झालं होतं?’ बोलता बोलता ताटही वाढायची. तांदळाची भाकरी, बोंबलाचं आंबट, असेल तर एखादा तळलेला तुकडा. पुढच्या रविवारी तीच माणसं आणखी चार जणांना घेऊन हजर! तिचा नवरा इनासभाऊ सुतारकाम करायचे, एकदम अबोल माणूस. त्यांनी काही न बोलता दोन बाकडी ठोकली आणि झावळ्यांचा मांडव घातला. भाजी, नारळ आणि केळीची पानं मी द्यायला लागले. मग एका रविवारी गर्दीत तिची तारांबळ बघवेना, म्हणून पदर खोचून वाढायला उभी राहिले, ती कायमचीच.

आमच्या सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. ‘त्यांच्याकडे काय काय शिजतं, ठाऊक आहे ना?’ त्या म्हणायच्या. ठाऊक होतं की. डुकराचं मटण शिजायचं, त्याचं इंदाळ व्हायचं. उन्हाळ्यात सगळ्या आळीने मिळून कांडलेला बाटलीतला मसाला, लसूण आणि ताडीचा शिरका घालून केलेलं ते इंदाळ खायला माणसं कुठून कुठून यायची. मी कधी खाल्लं नाही. मासे-मटण आमच्यात चालतं, पण ते नाही. फिलूने एका शब्दाने आग्रह केला नाही. उलट पहिल्याच आठवड्यात माझ्यासाठी वेगळं पातेलं आणि वेगळा डाव बाजूला काढला, आणि त्याला चुकून कुणी हात लावला तर असं फाडफाड बोलायची की त्याला पळता भुई थोडी व्हायची. हे सासूबाईंच्या कानावर गेलं, आणि काही दिवसांनी त्या स्वतःहून म्हणाल्या, ‘तिला आपल्या वाडीतल्या केळ्यांची सुकेळी दे थोडी.’

जिभेची फटकळ, पण हात काय होता तिचा! इंदाळ शिजत आलं की डावाने थेंबभर रस डाव्या तळहातावर घ्यायची, चाटायची, डोळे मिटायची, आणि मग मान हलवून झाकण घालायची. मासळी घेतानाही तसंच. पाचूबंदरहून हिराबाय टोपली घेऊन यायची. फिलू माशाचा कल्ला उघडायची, नाक जवळ नेऊन वास घ्यायची आणि म्हणायची, ‘हिराबाय, हा काल संध्याकाळचा.’ हिराबाय देवाची शपथ घ्यायची, भांडायची, आणि शेवटी तो मासा टोपलीत परत टाकायची. ‘हिच्या नाकाला आग लागो,’ असं म्हणत दुसऱ्या दिवशी पहिली टोपली तिच्याच दारात उतरवायची.

आणि वाईन. जांभळाची वाईन तर ती अशी करायची की बस्स. जांभळं आमच्याच झाडाची. मे अखेरीला आम्ही दोघी ती कुस्करत बसायचो, हात आठवडाभर जांभळेच्या जांभळे. साखर, थोडे गहू, खमीर घालून चिनी मातीच्या बरण्यांना फडकं बांधलं की त्या मागच्या अंधाऱ्या खोलीत जायच्या. मग फिलू रोज सकाळी एकेका बरणीला कान लावायची. आत हलकं हलकं चुरचुरत असतं. ‘अजून बोलतेय,’ म्हणायची. मी विचारायचे, काय बोलतेय? ‘भूक लागली म्हणते,’ असं म्हणून मूठभर साखर सोडायची. बरणी गप्प झाली की गाळायची, तोवर नाही. ही वाईन तिने कधी विकली नाही. मुंबईचे लोक बाटलीभर मागायचे, विनवण्या करायचे. ‘मी काय गुत्ता काढलाय? वाईन सणाला असते, लग्नाला असते,’ हे तिचं उत्तर. मागणाऱ्याला कधी मिळायची नाही. पण एखादा मुकाट्याने जेवला, पान स्वच्छ केलं, उठताना स्वतःचं ताट उचलायला गेला, की त्याच्यापुढे छोटा पेला यायचा. माणसं चाट पडायची.

असं सगळं छान चाललं होतं, आणि मग तिच्या गळ्याला गाठ आली. मुंबईच्या इस्पितळात कितीतरी आठवडे जाऊन-येऊन विजेचा शेक घ्यावा लागला. मान काळी पडली, तोंडाला कोरड, घास उतरेना. तरी त्यातून उठली बाई. गाठ बसली, पावसाळा संपता संपता परत चुलीशी आली आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या पहिल्याच रविवारी तिने मला मागच्या दाराशी बोलावलं. तळहातावर रस घेतलेला होता, तो तसाच माझ्यापुढे धरला. ‘सुमन, मला काही लागत नाही गो,’ ती म्हणाली. ‘गोड नाही, खारट नाही. वासही नाही. पाणी प्यायल्यासारखं वाटतंय.’ मी म्हटलं, होईल हळूहळू, डॉक्टर म्हणालेत ना. ‘नाही झालं तर?’ ती म्हणाली.

नाही झालं. महिने गेले, वर्ष गेलं, चव काही परतली नाही. ज्या बाईच्या जिभेवर एवढं सगळं उभं होतं, तिच्याच जिभेवरून चव उठून गेली. देवाच्या या हिशोबाचा मला अजून राग येतो, आणि कुणी शहाणपण शिकवायला आलं तर अधिकच येतो. फिलूने मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. इनासभाऊंना तर मुळीच नाही. आजारपणात ते एकदा बोलून गेले होते, ‘आता बंद करू खाणावळ. पुरे झालं.’ त्यांना कळलं असतं तर तिला चुलीवरून उठवलं असतं, आणि तेवढंच तिला नको होतं. ‘लीनाचं लग्न माझ्या हातच्या इंदाळाने व्हायला पाहिजे,’ ती म्हणायची. लीना तिची एकुलती एक. ‘तेवढं झालं की मग काय ते होऊ दे. पण तोवर मला इथून कुणी उठवू नये, सुमन. इथून उठले तर मी कुणाची कोण?’

मग आम्ही निभावून नेलं. भाजी, मासे मी चाखायचे आणि हळूच सांगायचे. इंदाळ मी चाखणार नाही, ते ती मला सांगणारही नाही. मी एकदा धीर करून म्हटलंही, बोट लावून बघते, देव काही मारणार नाही मला. तर एवढी संतापली! ‘माझी जीभ गेली म्हणून तू तुझं मोडणार? गप्प बस.’ मग ती हातावर सोडून द्यायची. मिठागराचं जाडं मीठ, अमुक मटणाला इतकी मूठ, आणि मूठ उघडताना बोटं किती सैल सोडायची हे त्या बोटांना पाठ होतं. इनासभाऊंना विचारून उपयोग नव्हता. त्यांना जन्मभर सगळं ‘बरं आहे’ एवढंच लागत आलेलं. पण गिऱ्हाइकं बोटं चाटून जात होती, कुणाची तक्रार म्हणून नव्हती. आणि वाईनचं तर काहीच अडलं नाही, कारण तिला कान पुरायचे.

लीनाचं लग्न ठरलं नाताळानंतरच्या आठवड्यात. आदल्या दिवशी सगळी आळी मांडवात. कुणी तळायच्या फुग्यांचं पीठ फेटतंय, कुणी लसूण सोलतंय, बँडवाल्यांचा चहा वेगळाच. लग्नाच्या सकाळी इंदाळाचा मोठा टोप अंगणातल्या चुलीवर चढला आणि फिलूने बसायचा बुटका मोडा टाकून त्याच्यापाशी बैठक मारली. मीठ तिने स्वतःच्या मुठीने घातलं, माझ्यासमोर. मग कुणी हाक मारली की तिला उठावं लागायचं... लीनाचा डोक्यावरचा व्हेल कुठे ठेवलाय, फादरना निरोप गेला का, नवऱ्याकडची माणसं आली का. ती उठली की टोपापाशी कुणी ना कुणी असायचं, आणि मला वाटायचं, बरं झालं, लाकडं सारायला आहे कुणीतरी.

चर्चमधलं आटोपून वऱ्हाड मांडवात आलं, पेले उंचावून टोस्ट झाला, पंगत बसली. मी वाढत होते. पहिले घास गेले आणि मांडव एकदम शांत झाला. आमच्याकडच्या पंगतीत अशी शांतता? एरवी इकडून थट्टा, तिकडून गाणी, कानठळ्या बसतात. माणसं खाली मान घालून जेवत होती. कुणी परत मागत नव्हतं, कुणी टाकतही नव्हतं. आणि पाणी... पाण्याचा रांजण भरायचा अवकाश की रिकामा. हिराबाय घागर घेऊन विहिरीवर जाऊन-येऊन दमली. शेवटी मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, ‘सुमनबाय, माझ्या हातून जास्त पडलं वाटतं गो. मीच टाकलं मगाशी. ती आता कल्ला हुंगत नाय, नुसता दाबून बघते. मला कवाच समजलं. म्हनून म्हटलं, पोरीच्या लग्नात अळनी नको व्हायला... जराच टाकलं, आईशप्पथ.’

मार्सेलीन मागे उभी होती. तिच्या हातातली परात खाली आली. ‘तू पण?’ ती म्हणाली. वहिनी हल्ली तळहातावर रस घेते पण चाटत नाही, नुसती मान हलवते, हे तिने कधीच हेरलं होतं. तिनेही मूठ सोडली होती. आम्ही एकमेकींकडे बघतोय तोवर पांढऱ्या झग्यातली लीना आली. नवरीच ती, तिला कोण अडवणार? आईने कितीही लपवलं तरी लेकीला काय कळत नाही? चर्चला निघण्याआधी, हातमोजा काढून, सगळ्यांचा डोळा चुकवून तिनेही टोपात मीठ टाकलं होतं. प्रत्येकीला वाटत होतं की आपल्या एकटीलाच ठाऊक आहे. प्रत्येकीने फिलूची लाज राखली होती. आणि सगळ्यांनी मिळून त्या टोपाचा समुद्र केला होता.

रिकाम्या रांजणापाशी फिलू उभी होती. ती काही दुधखुळी नव्हती. ‘खारट झालंय ना?’ तिने मला विचारलं. मी रांजणात बघितलं. ‘सुमन, मी माप चुकले?’ तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. एवढी खमकी बाई, पण परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखं विचारत होती. मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. हिराबायचं, मार्सेलीनचं, लीनाचं. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर त्या तिघींना फाडून खाईल. तर ती हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ‘मी इतकी मर मर मरून लपवलं,’ म्हणाली, ‘आणि सगळ्या गावाला ठाऊक!’ मग डोळे पुसून तिने वाईनची सुरई उचलली आणि तडक मांडवात गेली. ‘इंदाळ खारट झालंय, मला कळलंय,’ तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ‘मला चव लागत नाही. पण ही वाईन मी कानाने केलीय, ती चुकणार नाही. प्या!’ मग नवऱ्याकडचे एक म्हातारे पेला पुढे करून म्हणाले, ‘बाय, आमच्या खाडीकाठच्या विहिरीचं पाणी याच्याहून खारट. आम्हाला तर घरी बसल्यासारखं वाटलं.’ त्यानंतर असा हशा उठला, की बँडवाल्यांनी आपणहून वाजवायला सुरुवात केली.

संध्याकाळी भांडी घासताना इनासभाऊ माझ्यापाशी येऊन उभे राहिले. बोलायचं असलं की ते असेच नुसते उभे राहायचे. ‘वहिनी,’ म्हणाले, ‘मी पण टाकलं होतं.’ मग त्यांनी सांगितलं. आजारातून उठल्यावरच्या महिन्यात एका सकाळी दुधाला वास लागला होता आणि फिलूला कळलं नव्हतं. तिने चहा केला, दोघांना ओतला आणि त्यांच्यासमोर बसून सगळा प्यायली. ‘तुम्ही काय केलंत मग?’ मी विचारलं. ‘मीही प्यायलो,’ ते म्हणाले. इतके दिवस तो माणूस ‘बरं आहे’ म्हणत होता, आणि आम्ही त्याला हसत होतो... ‘तिचं तेवढंच ठेवलं असतं,’ जाताना पुटपुटले, ‘तर बरोबर झालं असतं. तिचा हात बरोबर होता.’

पुढच्या रविवारी मला धाकधूक होती, आता ही येते की नाही. आली. चुलीपुढे बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि हुकूम सोडला. ‘यापुढे चोरून मीठ टाकायचं नाही. जी टाकेल तिने ओरडून सांगायचं, आणि मी “ऐकलं” म्हणाल्याशिवाय झाकण घालायचं नाही.’ झालं! मार्सेलीन इंदाळ चाखायची, मी मासे चाखायचे, आणि ‘मीठ टाकलं गो!’ अशी आरोळी ठोकली की दारातून ‘ऐकलं!’ यायचं. कधी ‘ऐकलं, पण आणखी चिमूटभर,’ असंही यायचं, आणि मेली ती चिमूट बरोबर लागू पडायची. मांडवात बसलेली गिऱ्हाइकंसुद्धा ओरडायला लागली, ‘मीठ टाकलं गो!’ त्यांना काय ठाऊक होतं? त्यांना मजा वाटायची. तिला चुलीवरून कुणी उठवलं नाही, एवढं मात्र खरं. ती दारात बसली आणि चूल तिचीच राहिली.

गाठ परत आली तेव्हा डॉक्टरांनी इनासभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं. फिलूला सांगायची गरज पडली नाही. हळूहळू आवाज बसला, मग गेलाच. त्या फटकळ बाईला मुकी झालेली बघणं... नको त्या आठवणी. तरी रविवारी तिला खुर्चीत आणून बसवायला लागायचं, नाहीतर डोळ्यांनी भांडायची. आम्ही ओरडायचो, ‘मीठ टाकलं गो!’ आणि ती हातातल्या डावाने दाराच्या चौकटीवर ठोकायची. ठक्. मग झाकण. शेवटच्या रविवारी तो डावही तिला उचलवला नाही, बोटाच्या पेराने ठोकलं. इतका बारीक आवाज, पण आम्ही सगळ्या कान देऊन थांबलो होतो.

गेल्या आठवड्यात तिच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली. मिस्सेनंतरचं जेवण खाणावळीतच करायचं असं लीनाने ठरवलं. ती सासरहून आदल्या दिवशीच आली होती. मार्सेलीनने इंदाळ रांधलं, मी वरण-भाजी. हिराबायनेही मासे विकायला नेले नाहीत, मुकाट्याने निवडून दिले. एरवी चौघी जमलो की घर डोक्यावर घेतो, त्या दिवशी भांड्याचासुद्धा आवाज नको वाटत होता. मार्सेलीनने रस चाखला, मीठ घातलं आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, ‘मीठ टाकलं गो!’

आणि मग आम्ही थांबलो. कुणाची वाट बघतोय हे कळलं तरी हलता येईना. मार्सेलीनच्या हातात झाकण तसंच अधांतरी. लीनाने तोंडाला पदर लावला. हिराबाय दाराकडे पाठ करून उभी राहिली. दारात खुर्ची होती, रिकामी.

बाहेर मांडवात इनासभाऊ बाकडी लावत होते. त्यांनी हातातलं बाकडं खाली ठेवलेलं ऐकू आलं. पावलं वाजली. ते दारापर्यंत आले, पण आत आले नाहीत, आमच्याकडे बघितलंही नाही. मूठ वळून त्यांनी चौकटीवर ठोकलं. एकदाच.

मार्सेलीनने झाकण घातलं.